नदीपलीकडचा कळप

९ मे

आज भर दुपारी अंधार झाला. तो पावणेदोन तास होता की अख्खी रात्र, यावर या घरातल्या दोन माणसांचं एकमत होईना, म्हणून लिहायला घेतलं. कोल्बेन म्हणतो, दिवस मावळला आणि पुन्हा उगवला. मी टॉर्चच्या उजेडात घड्याळ पाहिलं होतं. बारा चाळीस ते दोन पंचवीस. माझा भाऊ चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याला खोटं बोलता येत नाही. तो जर संध्याकाळपर्यंत एवढं चुकीचं सांगतो, तर महिन्याभराने सगळी दरी काय सांगेल? जे घडेल ते त्याच दिवशी इथं लिहीन.

डोंगर परवा सकाळी फुटला. उत्तरेकडे, हिमनदीच्या खाली. मी शाळेत तीस वर्षं हे फळ्यावर काढून दाखवलं आहे. जमिनीखालचा वितळलेला खडक वर येतो. मोकळ्या जागी तो लाव्हा होऊन वाहतो आणि लोक लांबून बघायला जातात. पण वर बर्फ असला तर बर्फाचं पाणी होतं आणि पाणी त्या रसाला भेटताच रसाच्या ठिकऱ्या उडतात. त्या ठिकऱ्यांना आपण राख म्हणतो. चुलीतल्या राखेशी तिचा काही संबंध नाही. ती काच आहे. आज खिडकीच्या चौकटीवरची बोटांत चोळली तर बोट कापलं.

वितळलेल्या बर्फाचा पूर काल खालच्या सपाटीवरून गेला. मोठ्या रस्त्यावरचा पूल नेला. माणसं आधीच हलवली होती. आमचं घर उंचावर आहे, आम्हाला काही झालं नाही.

दुपारी अंधारात गोठ्याचं दार वाऱ्याने उघडलं आणि दोन मेंढ्या बाहेर पडल्या. उजेड आल्यावर सापडल्या. कुरणात शांतपणे चरत होत्या, करडं गवत.

१० मे

मेंढ्या एकशे चव्वेचाळीस, सगळ्या आत. व्यायल्या त्यातल्या एकसष्ट. एरवी या आठवड्यात कोकरांसह बाहेर सोडतो. गवताचे गोल गठ्ठे तेरा शिल्लक. त्यातल्या दोन गठ्ठ्यांचं प्लास्टिक फाटून आत राख गेली, ते बाजूला काढले. राहिले अकरा. दिवसाला एक लागतो.

सोल्वेगचा फोन आला. ती जिल्ह्याची पशुवैद्य आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, "बाई, राखेत फ्लोराइड आहे, आणि भरपूर आहे. एकही जनावर बाहेर सोडू नका. ओढ्याचं पाणी नको, विहिरीचंच द्या." मला ठाऊक होतं. सतराशे त्र्याऐंशी साली या देशातली बहुतेक मेंढरं अशीच गेली, आणि त्यांच्या मागून माणसं. हा धडा मीच तिला शिकवला होता. तिने तो मला परत म्हणून दाखवला, आणि मी वर्गातल्यासारखी "बरोबर" म्हणाले.

१२ मे

वारा पश्चिमेचा आहे आणि हलत नाही. सगळी राख आमच्या काठावर. नदीपलीकडे ओड्डुरचं शेत हिरवंगार दिसतं. मध्ये पन्नास पावलांचं पात्र, आता गुडघ्याच्या वर पाणी.

ओड्डुरने फोन केला. "नदीच्या पलीकडून बोलतोय. फोन कानापासून लांब धर, नाहीतर रोग शिरेल तुझ्यात."

काय काम आहे, विचारलं.

"काम कसलं? जिवंत आहेस का बघत होतो. आवाजावरून आहेस. गवत किती आहे तुमच्याकडे?"

सांगितलं. तो म्हणाला माझ्याकडे चाळीस गठ्ठे पडून आहेत, घेऊन जा. मी म्हणाले, गवत नदी ओलांडत नाही, तुला माहीत आहे.

"मला माहीत आहे? मला सांगतेस?" आणि बराच वेळ हसला. ही चेष्टा करायची वेळ नव्हती. मी फोन ठेवला.

ही नदी म्हणजे रोगाची रेषा आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ओड्डुरच्या कळपात कापऱ्याचा रोग निघाला. त्या रोगाला औषध नाही, तो मातीत वर्षानुवर्षं राहतो. तीनशे दहा मेंढ्या मारून पुरल्या, गोठा जाळला, अंगणाची माती खरवडून नेली. आमच्या काठाच्या कुंपणाची देखरेख तेव्हाही माझ्याकडे होती, कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हापासून नियम एकच. जे जनावर नदी ओलांडेल ते परत येत नाही आणि तिथं राहतही नाही. ते कत्तलखान्यात जातं. गवतालाही नदी बंद. ओड्डुर त्यानंतर चार वर्षं माझ्याशी बोलला नाही. पाचव्या वर्षी एकदा हवामान विचारायला फोन केला, तेव्हापासून बोलतो.

रेषा टिकली म्हणून आमची दरी टिकली. एवढं त्यालाही नाकारता येणार नाही.

१३ मे

बाहेर गेलेल्या दोन मेंढ्यांपैकी एकीच्या तोंडातून लाळ गळते, मागचे पाय ताठ. दुसरी खात नाही. कोल्बेन दोघींना स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत घेऊन आला. फरशी धुता येते.

आज नऊ व्यायल्या. दोन कोकरं मेली.

१५ मे

आजारी मेंढ्यांपैकी एक गेली. दुसरी गोठ्यात परत नेली.

ओड्डुरने त्याच्या काठावर, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, गवताचे सहा गठ्ठे आणून रचले आहेत. अगदी पाण्यालगत. तिथं गवत ठेवायचं काही कारण नाही, त्याचा नवा गोठा वर आहे. माणूस म्हातारा झाला तरी त्याचा खुनशीपणा जात नाही. कोल्बेन कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा होता. मी म्हणाले, बघू नकोस, त्याला तेच हवं आहे. तो म्हणाला, "कोरडं दिसतंय गं. चांगल्या उन्हातलं आहे."

१६ मे

पाच गठ्ठे.

रोगाची रेषा सांभाळणाऱ्या कार्यालयात अर्ज केला. या परिस्थितीत पलीकडचं गवत आणू द्यावं, किंवा याच काठावरच्या दुसऱ्या खोऱ्यातून गवताची गाडी पाठवावी. फोनवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, पहिल्याचा निर्णय वर घेतात, अर्ज पुढे पाठवला आहे. गाडी पाठवतील, पण पूल दुरुस्त झाल्यावर. पूल कधी? बहुधा पंचवीस तारखेला. मी त्याला वजाबाकी करून दाखवली. तो म्हणाला, हो, कळतंय.

संध्याकाळी सोल्वेगला विचारलं. ती म्हणाली, "बाई, मला विचाराल तर..." आणि वाक्य तोडलं. "बाई, मला नका विचारू," एवढंच म्हणाली.

१८ मे

कालपासून अर्धंच गवत. दूध कमी झालं. कोकरांचा आवाज घरात ऐकू येतो, दोन्ही दारं लावूनही. मेंढ्या एकमेकींच्या पाठीवरची लोकर उपटून खातात, दांड्या कुरतडतात. मी राय धान्याचे पाव भाजले ते कोल्बेनने खिशात भरून नेले. मी पाहिलं नाही असं त्याला वाटतं. आम्ही दोघं सुक्या मासळीवर आहोत.

मोरा तेवढी खात नाही. ती म्होरकी मेंढी. नऊ वर्षांची, तपकिरी, बारीक अंगाची, शिंगाची. या जातीची मेंढी मांसासाठी ठेवत नाहीत. ती पुढे चालते आणि कळप मागे येतो, हिमवादळातही. तीन हिवाळ्यांपूर्वी तिने सगळ्यांना डोंगरावरून घरी आणलं होतं, कोल्बेनलासुद्धा. ती आता दिवसभर दाराकडे तोंड करून उभी असते. कोल्बेन तिच्याशी बोलत असतो. आज म्हणत होता, "तुला दिसतंय ना? मलाही दिसतंय."

डोंगर अजून चालू आहे. आज दुपारी पुन्हा पाऊण तास दिवे लावावे लागले.

१९ मे

तीन गठ्ठे. सात कोकरं मेली. अर्जाचं उत्तर नाही.

माझ्या आयुष्यात मला काय करायचं हे कळलं नाही असं फार वेळा झालेलं नाही. आज सकाळी गोठ्याच्या दारात उभी राहिले आणि पंधरा मिनिटं तशीच उभी होते. मग आत जाऊन फडकी धुतली.

२० मे

क्रमाने लिहिते.

दोन रात्री व्याणाऱ्या मेंढ्यांपाशी काढल्या होत्या. सकाळी साडेदहाला कोल्बेनने मला कॉफी करून दिली. या घरात त्याने कॉफी केल्याचं मला आठवत नाही. म्हणाला, "तू पड जरा. मी आहे." मी अकराला आडवी झाले.

चारला जाग आली ती शांततेने.

गोठ्याचं दार सताड उघडं. आत अकरा मेंढ्या, व्यायला आलेल्या आणि ती एक आजारी. बाकी कोणी नाही. कोल्बेन पायरीवर बसून बूट काढत होता. बुटातलं पाणी त्याने पायरीवर ओतलं.

मी विचारलं, कुठं आहेत.

"दार उघडलं हवेसाठी," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "मोरा पुढे झाली. बाकीच्या मागे गेल्या."

मी दुर्बीण आणली. सगळा कळप ओड्डुरच्या खालच्या शेतात, माना खाली घालून चरत होता. मेंढ्या पोटापर्यंत भिजलेल्या, काळपट दिसत होत्या. कोकरं मात्र कोरडी, पांढरीशुभ्र. दगडांवरून उड्या मारत गेली असावीत. दहा दिवसांच्या कोकराला आईमागे जायचं म्हटलं की ते काय करेल सांगता येत नाही.

काठावर जाऊन पाहिलं. कुंपणाचं फाटक उघडं, मोडलेलं नाही. राखेत ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे, पाण्यातून वर आलेले आणि परत गेलेले, चार-पाच वेळा तरी. ओड्डुर त्यांना हाकलायला आला असेल आणि जमलं नसेल. त्याला फोन केला, उचलला नाही.

फाटकाची कडी मीच नीट लावली नसेल. ते माझं काम आहे.

कोल्बेन सात वाजता खुर्चीतच झोपला. झोपेत हसत होता. लहानपणीसुद्धा ताप आला की असा हसायचा. उद्या त्याला दोन गोळ्या देते.

२१ मे

सकाळी नऊला कार्यालय उघडतं. मी फोनकडे गेले तर कोल्बेन टेबल आणि फोन यांच्या मध्ये उभा राहिला. त्याने माझी वाट अशी कधी अडवली नाही.

"स्टेनुन, आजच्या दिवस नको."

"उद्या काय बदलणार आहे?"

"पोट भरेल त्यांचं."

मी त्याला समजावलं. एकोणीस वर्षांपूर्वी ओड्डुरच्या अंगणात मी उभी होते तेव्हा तोही म्हणाला होता, आजच्या दिवस थांबा. मी थांबले नाही. आज माझ्या मेंढ्या आहेत म्हणून थांबले, तर तो कागद खोटा आणि त्याच्या तीनशे दहा मेंढ्या उगाच मेल्या. कोल्बेनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघणारं कोणी नाही गं. ओड्डुर नाही सांगणार."

ओड्डुर सांगणार नाही हे याला कसं ठाऊक? मी म्हणाले, "मी बघितलं आहे." तो बाजूला झाला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी कळवलं. मेंढ्या एकशे बत्तीस, कोकरं अंदाजे दोनशे दहा. सोल्वेगला जोडून दिलं. तिने विचारलं, "बाई, दुसऱ्या कोणी पाहिलंय का?" मी म्हणाले, हा प्रश्नच चुकीचा आहे. मग म्हणाली, "हो बाई."

२२ मे

कोल्बेन जेवला नाही. मी टेबल आवरत होते. मी म्हणाले, दुःख मलाही आहे, पण निदान कोणा माणसाचा दोष नाही, जनावराला रेषा कळत नाही.

तो म्हणाला, "मी नेल्या."

मी ताट धुवायला घेतलं.

"ऐकलंस का? मोराच्या नावावर घालू नकोस. तिला मी हाक मारली म्हणून ती पाण्यात उतरली. कोकरं ओड्डुरने ट्रॉलीतून नेली. पाच खेपा झाल्या."

हा माणूस सत्तर वर्षांत दुसऱ्याच्या कुंपणावर टांगलेली स्वतःची टोपी काढायलासुद्धा परवानगी विचारून गेला आहे. त्याचा उजवा गुडघा वाकत नाही. तो नदीत मांडीपर्यंत उतरला आणि एकशे बत्तीस मेंढ्या नेल्या? मोरावर बोल येऊ नये म्हणून तो हे अंगावर घेतो आहे. जनावरावर इतकी माया करणं बरं नव्हे, हे मी त्याला आधीही सांगितलं आहे. आताही सांगितलं.

तो म्हणाला, "बरं." आणि गोठ्यात गेला.

माणूस खचला की असं होतं. सोल्वेगला विचारून काही औषध मिळालं तर बघते.

२३ मे

ओड्डुरचा फोन. मी बोलायच्या आधीच सुरू झाला.

"तेव्हा माझ्या अंगणात सही केलीस, तेव्हा वाटलं, हिला दुसऱ्याचं काही वाटत नाही. आता कळलं, तुला आपपरभाव नाही. लोक याला गुण म्हणतात."

मी म्हणाले, नियम तू केला नाहीस आणि मीही नाही.

"स्टेनुन, आयुष्यात एकदा, निदान स्वतःच्या भावासाठी, खोटं बोलायला काय झालं होतं?"

मी विचारलं, यात भावाचा काय संबंध. तो म्हणाला, "काही नाही. एकोणीस वर्षांनी माझ्या शेतात इतकी मेंढरं एकत्र पाहिली. तीन दिवस पोटभर चरली, एवढं त्याला सांग."

सांगितलं. कोल्बेन म्हणाला, "हो, दिसतंय इथून."

आजारी मेंढी गेली. दोन व्यायल्या, चारही कोकरं धडधाकट.

२५ मे

काल रात्री पाऊस झाला. राख चिखल होऊन बसली. वारा फिरला, आकाश निळं.

पूल सुरू झाला. दुपारी बाराला पहिली गाडी आली, त्यात आमच्या नावाचे वीस गठ्ठे. दहा मेंढ्यांना वीस गठ्ठे. चालकाने विचारलं, कुठं उतरवू? मी म्हणाले, नेहमीच्या जागी. त्याच्या मागोमाग दोन रिकाम्या मोठ्या गाड्या पुलावरून आल्या आणि पलीकडच्या रस्त्याने ओड्डुरकडे वळल्या.

अर्जाचं उत्तरही आजच आलं. पहिल्या मागणीबाबत: अपवाद करता येत नाही.

२६ मे

ओड्डुरचं अंगण. सकाळी दहा. हजर: सोल्वेग, दोन चालक, ओड्डुर, कोल्बेन, मी. पुलावर आमचे बूट औषधात बुडवून घेतले.

सोल्वेग कागद भरत होती. रेषा ओलांडण्याचं कारण, इथं आली. कोल्बेन सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाला, "मी नेल्या." सोल्वेगचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ओड्डुर जमिनीकडे बघत होता. असं कारण लिहिलं तर कोल्बेनवर खटला होतो, त्यालाही ठाऊक असावं, तरी म्हणाला.

मी सोल्वेगला म्हणाले, "लिही. म्होरकी मेंढी पुढे झाली, कळप मागे गेला. फाटकाची जबाबदारी माझी." तिने लिहिलं.

सुपूर्द केलं ते असं:

मेंढ्या, एकशे बत्तीस. कानांच्या खुणा मी एकेक तपासल्या, सगळ्या आमच्या.

कोकरं, दोनशे चौदा. ओड्डुरच्या मोजणीत दोनशे तेरा आली, म्हणून पुन्हा मोजली. दोनशे चौदा. सगळ्यांची पोटं भरलेली.

पिवळी चकती अजून कानात न लावलेली कोकरं, त्यांपैकी साठ. त्यांच्या आयांवरून नोंद केली.

मोरा, एकशे बत्तिसांत धरली आहे. मेंढ्या गाडीच्या फळीवर चढेनात. चालक काठी घेऊन आला. कोल्बेनने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, स्वतः फळीवरून गाडीत गेला आणि आतून तिला हाक मारली. ती चढली. मग बाकीच्या गेल्या, एकीलाही ढकलावं लागलं नाही. कोल्बेनला बाहेर यायला वेळ लागला. शेवटी ओड्डुरने आत जाऊन त्याला हाताला धरून आणलं.

घेणाऱ्याची सही: घेतली.

देणाऱ्याची सही: कळप कोल्बेनच्या नावावर आहे. त्याला पेन धरता येईना. त्याच्या नावापुढे मी केली.

वेळ: अकरा वाजून वीस मिनिटं.